केतकीचा पूल

एकदा एका गावात एक वृद्ध बाई बालवाडी चालवीत असत. नलिनी नावाची तरुणी त्यांच्या हाताखाली शिकवण्याचे काम शिकत होती.

वर्गात चार वर्षांची केतकी होती. ती लाकडी ठोकळ्यांचा पूल रचू लागे. पण तो कोसळला की "मला नाही येत," म्हणून कोपऱ्यात जाऊन बसे.

पुढे पालकांना मुलांचे खेळ दाखवण्याचा दिवस ठरला. केतकीचे वडील गवंडी. ते कामावर खाडा करून येणार होते. मुलगी खट्टू होऊ नये म्हणून नलिनीने सकाळी लवकर येऊन स्वतःच एक सुबक पूल रचून ठेवला.

बाईंनी आल्या आल्या तो पाहिला आणि सगळे ठोकळे उतरवून ठेवले.

नलिनीचा चेहरा पडला. "बाई, आता तिचे वडील काय पाहणार?"

"केतकीला पाहतील."

मग केतकी आल्यावर बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "काल पूल कुठून गं पडला?"

केतकीने आठवून पाहिले. "मधून."

"मग आज मध्ये काय करूया?"

केतकीने मधोमध एक ठोकळा उभा केला. एवढ्यात पालक आले आणि सर्वांदेखत पूल पुन्हा कोसळला. केतकीने कोपऱ्याकडे पाहिले. वडील मदतीला वाकले. बाईंनी नजरेनेच त्यांना थांबवले.

केतकीने पडलेला ठोकळा उचलून निरखला. "बाबा, थांबा हं. हा बारका आहे. जाड लावते."

पूल उभा राहिला. थोडा वाकडा, पण उभा.

"मी पहिली भिंत बांधली, ती वस्तादांनी तीनदा पाडायला लावली होती," वडील सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "माझी पोर बघा, स्वतःच चूक शोधते!"

नलिनी हलकेच म्हणाली, "बाई, मी तर तिला जपायला गेले होते."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "पण तुझा पूल पाहून तिची खात्रीच पटली असती, की आपल्याला येत नाही ते मोठी माणसे करून देतात. खेळात पडझड झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून तर या वयात खेळ हवा. पुन्हा करून पाहण्याची हिंमत मुले तिथेच कमावतात. ती कमाई आपण हिरावू नये."

नलिनीने मान डोलावली. समोर केतकी त्या वाकड्या पुलावरून लाकडी गाडी नेत होती, आणि तिच्याकडे पाहताना नलिनीचा ऊर अभिमानाने भरून आला.