वाळिंबेसाहेबांची पंगत

चर्चच्या ट्रस्टला करमाफी द्यायची का, हे तपासायला वाळिंबेसाहेब आले ते नेमके सुगीच्या सणाला. दारात येईल त्याला नावगाव न विचारता पंगतीला बसवायची तिथली रीत, म्हणून साहेबही बसले. मटण दोनदा मागून घेतलं, ढेकर दिला आणि म्हणाले, "ही तर तुमच्या लोकांची खासगी पंगत! यात धर्मादाय कसला? माफी मिळणार नाही."

माफी गेली तर पंगतच बंद पडणार होती. अध्यक्षा सुवार्ताबाई उजगरे हात जोडून म्हणाल्या, "साहेब, पंगत सर्वांची असेल, तर तुम्ही जेवलात ते ठीकच झालं. पण खासगी असेल, तर तपासणीला येऊन आमचं मटण खाल्लंत, त्याला काय म्हणतात तेही अहवालात लिहा."

साहेबांना जोराचा ठसका लागला.

सुवार्ताबाईंनी तांब्या पुढे केला. "घ्या, पाणीही सर्वांचंच आहे."