डोहाकाठची मावशी

डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगलातून एक नदी वाहत होती. तिच्या एका डोहाकाठी म्हातारी पाणमांजर राहत असे. मुलांनो, पाणमांजरे पोहण्यात किती पटाईत असतात ते तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यांच्या पिल्लांना काही जन्मतःच पोहता येत नाही. सुरुवातीला ती पाण्याला भितात, त्यांना पोहायला शिकवावे लागते. डोहावरच्या आया सकाळी मासे धरायला जाताना आपली पिल्ले या म्हातारीपाशी ठेवून जात. सगळे तिला मावशी म्हणत.

मावशी पिल्लांना जीव लावी, यात शंका नाही. कुणी शेवाळावरून घसरे, कुणी दुसऱ्याच्या शेपटीला चावे, कुणी आईच्या आठवणीने रडत बसे. सगळ्यांचे करता करता संध्याकाळपर्यंत तिचे अंग आंबून जाई. पोहायला शिकवण्याची तिची एकच रीत होती. पिल्लू जरा अंगाने भरले की त्याला मानेला धरून खडकावर न्यायचे आणि डोहात ढकलून द्यायचे. पिल्लू हातपाय मारत वर येई. "मीसुद्धा अशीच शिकले," मावशी म्हणे, आणि पुढच्या पिल्लाला उचली.

एका उन्हाळ्यात किरकोळ अंगाचे एक पिल्लू तिच्याकडे आले. खडकावर नेताच ते तिच्या पायांना बिलगले. "आज नको ना, मावशी! मला भीती वाटते!" ते रडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी, किंवा चार दिवसांनी नेले असते तरी चालले असते. पण त्या दुपारी मावशीचे डोके दुखत होते, बाकीची पिल्ले गोंधळ घालत होती आणि तिला हे काम एकदाचे उरकायचे होते. तिने पिल्लाला ढकलले. पिल्लू खाली गेले, पण वर आलेच नाही. मावशीने घाबरून उडी घेतली आणि त्याला तळाशी गाठून बाहेर काढले. ते खोकले, पाणी ओकले, श्वास घेऊ लागले. मग जांभळाच्या मुळांमध्ये जाऊन अंग चोरून बसले.

संध्याकाळी पिल्लाची आई आली. "आज हे एवढं गप्प का, मावशी?" तिने विचारले.

"दमलंय. दिवसभर खेळत होतं," मावशी म्हणाली.

"तुमच्यापाशी असलं की मला कसला घोर नसतो," आई म्हणाली आणि पिल्लाला घेऊन गेली. मावशीला पुढे काही बोलायचा धीर झाला नाही.

त्यानंतर पिल्लू पाण्याच्या जवळही फिरकेना. तहान लागली तरी ते पानांवरचे दव चाटी. आई काळजीने वाळत चालली. एके सकाळी मासे धरायला न जाता ती मावशीपाशी येऊन बसली. "माझंच काहीतरी चुकलं, मावशी," ती म्हणाली. "फार लवकर सोडून जाऊ लागले मी त्याला. म्हणून असं झालं असेल का हो?"

मावशीने मान खाली घातली. नुसते "हो" म्हटले असते तरी तिची सुटका झाली असती. पण ते तिच्याने होईना. "तुझं काही चुकलं नाही, पोरी," ती म्हणाली. "ते नको म्हणत असताना मी त्याला डोहात ढकललं. बुडत होतं ते. आणि वर तुझ्याशी खोटं बोलले."

आई उठली. पिल्लाला तोंडात धरून ती निघून गेली. ही गोष्ट डोहावर पसरली तेव्हा काही जणी म्हणाल्या, "त्यात एवढं काय? आपणही तसंच शिकलो." पण त्याने मावशीचे समाधान झाले नाही.

खालच्या वळणावर दुसरी एक पाणमांजर पिल्ले सांभाळी. वयाने ती मावशीच्या लेकीएवढी होती. बाकीच्या पिल्लांना त्यांच्या आयांकडे सोपवून मावशी दुखऱ्या पायांनी तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "तू कसं शिकवतेस ते मला पाहू दे."

ती पाणमांजर उथळ पाण्यात निजून राहिली होती. पिल्ले आपण होऊन तिच्या पाठीवर चढत, भीती वाटली की उतरत. एका पिल्लाचा तर सबंध दिवस नुसते पाय भिजवण्यात गेला.

"एवढा वेळ आणायचा कुठून?" मावशी कंटाळून म्हणाली. "आधीच जीव मेटाकुटीला येतो."

"मीपण थकते, मावशी," ती म्हणाली. "पण एकदा धसका घेतलेल्या पिल्लाला शिकवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो."

मावशी तिथे राहिली, पाहत राहिली, विचारत राहिली. मग परत येऊन ती पिल्लाच्या आईला भेटली. "मला पुन्हा एकदा त्याच्याजवळ बसू दे. तू समोर राहा," ती म्हणाली. आईने बराच वेळ विचार केला आणि होकार दिला.

मावशी रोज उथळ पाण्यात निजून राही. गारठ्याने तिचे सांधे धरत. पिल्लू दुरून पाही आणि तोंड फिरवी. मावशी त्याला बोलावतही नसे. बऱ्याच दिवसांनी त्याने तिच्या पाठीवर एक पंजा ठेवला. "ढकलणार नाही ना?" त्याने विचारले.

"नाही. तू म्हणशील तेव्हा काठावर."

ते पाठीवर चढले. मावशी जराशी पुढे सरकते न सरकते तोच ते ओरडले, "परत!" ती लगेच मागे फिरली. पुन्हा चढले, पुन्हा "परत!" झाले, आणि ती पुन्हा फिरली. तिला रडू येईल इतका थकवा आला होता. तरी पिल्लाने म्हटले आणि ती फिरली नाही, असे एकदाही झाले नाही.

हळूहळू पिल्लू पोहू लागले, अडखळत, इतरांपेक्षा उशिरा. आई मात्र रोज खडकावर बसून पाहत असे आणि मावशीला त्याचा राग येत नसे. मग एके सकाळी आईने पिल्लाला मावशीपाशी ठेवले, त्याचे डोके चाटले आणि मागे वळून न पाहता ती मासे धरायला निघून गेली.

तात्पर्य, लहानांसाठी आणि लहानांना सांभाळणाऱ्या मोठ्यांसाठी : थकवा कुणालाही येतो, पण त्याची झळ लहानग्याला लागू देऊ नये. चूक झाली तर त्याच्या घरच्यांना खरे सांगावे आणि आपल्याला येत नाही ते कोणत्याही वयात शिकून घ्यावे.