पाठ असलेली वाट

"आज्ञा देणार की नाही, तेवढं सांगा बाबा!"

खरमाटे मास्तरांनी बसायच्या आधीच विचारलं. डोंगर चढून आल्यामुळे धाप लागली होती, आणि धापेपेक्षा राग मोठा होता.

सोमपुरीबाबा लेण्याबाहेरच्या कट्ट्यावर भाकरी खात होते. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"कुणाला आज्ञा?"

"रंजनाला. माझ्या पोरीला. तिसऱ्यांदा सासर सोडून आलीय. म्हटलं, घरात पाऊल टाकायचं नाही. ओट्यावर बसवलीय आणि दाराला कुलूप घालून आलोय. साडेसातच्या एसटीत बसवून परत पाठवणार. माझं ऐकायची नाही, पण तुमचा शब्द मोडणार नाही. 'सासरी जा' एवढी चिठ्ठी लिहून द्या, बास."

मी बाबांचा स्वयंपाक बघायचो. मास्तरांचा मला असा संताप आला की हातातली कळशी आपटावीशी वाटली. पण ते बाबांचे वीस वर्षांचे शिष्य, त्यातून शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांच्यापुढे मी काय बोलणार, कपाळ!

"का आली?" बाबांनी विचारलं.

"का म्हणजे? तिचं नेहमीचंच. लहानपणापासून हट्टी. दारात दिसली तेव्हाच ओळखलं."

"काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार ते मला पाठ आहे! चिठ्ठी द्या बाबा, उजेड आहे तोवर मला खाली उतरायचंय."

बाबांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तेवढ्यात लेण्यातून धप्प आवाज झाला. मग आणखी एक. मग लागोपाठ तीन-चार.

"दार!" बाबा ताडकन उठले. "दार कुणी लावलं?"

मी लावलं होतं. मास्तरांनीच वडिलांच्या नावानं दिलेलं पत्र्याचं दार, दुपारीच बसवून झालं होतं. कुत्री शिरतात म्हणून मी ते ओढून घेतलं. दिवस मावळला की वटवाघळं बाहेर पडतात, हे डोक्यातच आलं नाही. बाबांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. घातल्या ते योग्यच केलं.

दार उघडलं. सगळा थवा डोक्यावरून फडफडत निघून गेला. उंबऱ्याशी तीन वटवाघळं पडली होती. दोन खुरडत खुरडत भिंतीला लागली. तिसरं हललं नाही.

बाबांनी ते उचललं आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

"मास्तर, हे आंधळं असतं का रे?"

एवढ्या रागातही मास्तर वर्गात उभे राहिल्यासारखे बोलायला लागले. "छे, आंधळं कुठलं! पण अंधारात ते कानावर चालतं. आपल्याला ऐकू येत नाही असा बारीक आवाज काढतं. तो समोर आपटून परत येतो. त्यावरून त्याला समजतं, भिंत कुठं, पतंग कुठं, केवढा, कुठल्या बाजूला उडतोय. जवळ जाईल तसे आवाज भराभर काढतं, की घातलीच झडप. अंधाऱ्या खोलीत बारीक तारा ताणून बांधा, एकीलाही न लागता पार जाईल."

"तार समजते?"

"केसाएवढी असली तरी."

"मग हे एवढं दार?"

"ती बाहेरची गोष्ट, बाबा. हे त्याचं घर. घरच्या वाटेवर ते आवाज काढतं, उत्तरही परत येतं, पण तिकडे लक्षच देत नाही. वाट पाठ..."

मास्तर थांबले.

"बोल की! थांबलास कशाला?"

"म्हणजे चूक माझी?" मास्तर कडाडले. "तीनदा माघारी आलेली पोर! लोक आमच्या तोंडात शेण घालतात. तुम्हाला ना बायको, ना लेकरं, तुमचं काय जातंय?"

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता हात उचलतात.

"काय नेसली होती?"

"आँ?"

"पोरगी तुझ्या दारात उभी होती ना? काय नेसली होती?"

"साडी... साडीच असेल."

"कसली?"

मास्तर तळहातावरच्या वटवाघळाकडे बघायला लागले.

"पिशवी होती हातात?"

"पिशवी..." मास्तरांनी कपाळ चोळलं. "नाही. काहीच नव्हतं."

"पायात?"

 वटवाघूळ तसंच तळहातावर होतं.

"अनवाणी होती," मास्तर म्हणाले.  "बाबा, एवढ्या लांबून पोरगी अनवाणी आली. काहीतरी सांगत होती... मी कुलूप लावत होतो. कडी वाजत होती, मला नीट ऐकू..."

 मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली.

"आता काय करू?"

"मला विचारतोस?" बाबा गरजले. "ती ओट्यावर बसलीय आणि तू इथं मला विचारतोस?"

मास्तरांनी वटवाघूळ कट्ट्यावर ठेवलं आणि वाटेला लागले. चार पावलांवर पुन्हा थबकले.

"बाबा, काय बोलू तिच्याशी? कुठून सुरुवात करू?"

बाबांचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"तिच्यासमोर खाली बस. आणि 'बाई, तुम्ही कुठल्या?' इथपासून विचार."