चंद्राक्काचे गुरू

कृष्णाकाठच्या एका मठात चंद्राक्का वीस वर्षं दोनशे माणसांचा स्वयंपाक करत होती. तिथं नवे स्वामी आले आणि त्यांनी हुकूम सोडला, "ज्यानं माझ्याकडून गुरुमंत्र घेतला नाही, त्यानं चुलीला हात लावायचा नाही."

सगळ्यांनी मुकाट्यानं मंत्र घेतला. चंद्राक्का तेवढी म्हणाली, "मला गुरू आहे, स्वामी. माझं कर्मच मला शिकवतं."

स्वामी खो खो हसले. "कर्म कधी बोलतं होय? उद्या पंगतीत सगळ्यांसमोर तुझा गुरू दाखव, नाहीतर गाठोडं बांध!"

"दाखवते की," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्वामी तपासणीला स्वयंपाकघरात आले. त्यांची आमटी वेगळ्या पातेल्यात शिजायची. त्यांनी मूठभर मीठ उचललं.

"आधी विचारा, स्वामी," अक्का म्हणाली.

"मी? तुला विचारू?" असं म्हणून त्यांनी मीठ टाकलं.

पंगत बसली. पहिल्याच घासाला स्वामींचं तोंड वेडंवाकडं झालं. "खारट! कुणी केलं हे?"

अक्कानं हात जोडले. "माझे गुरू आले, स्वामी. ते कुणावर ओरडत नाहीत. ज्याचं त्याला ताटात वाढतात."

स्वामी उठून गेले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा चुलीपाशी आले. हातात मीठ होतं, पण मूठ मिटलेली. हळूच म्हणाले, "अक्का, मीठ घातलंय का?"

"घातलंय," अक्का म्हणाली. "म्हणजे बोलले वाटतं माझे गुरू तुमच्याशी!"