निव्वळ नाचणी

फार जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही. एका डोंगराळ राज्यात भिवबा नावाचा म्हातारा नाचणीच्या पिठाच्या पुड्या विकायचा. लेकरांना आणि आजाऱ्यांना त्याचीच पेज पाजत.

राणीचा नियम होता, की पुडीत जे असेल तेच वरच्या चिठ्ठीत लिहायचं. भिवबाच्या चिठ्ठीवर दोनच शब्द असत : निव्वळ नाचणी.

एका वर्षी नाचणी पिकलीच कमी. दारी आलेल्या आयांना रिकाम्या हातानं परत पाठवणं भिवबाच्या जिवावर आलं. त्यानं निम्मं गव्हाचं पीठ मिसळलं. चिठ्ठी मात्र तीच ठेवली.

सगुणा नावाच्या विणकरणीच्या लेकीला गहू सोसत नसे. भिवबाच्या पुडीची पेज पिऊन पोर दोन दिवस ओकत राहिली, मग डोळेही उघडेना. घाबरलेल्या सगुणानं पुडी राणीच्या पारखिणीकडे नेली.

पारखिणीनं चिमूटभर पीठ पाण्यात मळलं. नाचणीचं पीठ लगेच तुटतं. हे मात्र चिकट होऊन ताणलं गेलं. ती तडक भिवबाकडे आली.

"बाबा, यात गहू आहे ना?"

"आहे, बाई. पण लोभानं नाही मिसळला. लेकरं उपाशी राहू नयेत, म्हणून..."

"खरं असेल. पण चिठ्ठी नसती, तर सगुणानं तुम्हाला विचारलं असतं. चिठ्ठी होती, म्हणून तिनं विश्वासानं पाजलं."



पारखिणीनं दुकानाला टाळं लावलं. "विकलेली प्रत्येक पुडी परत आणा, मगच ते उघडेल."

"शिपाई पाठवा, बाई. मला तोंड दाखवायची लाज वाटते."

"शिपाई पुड्या आणतील. खरं तुम्हीच सांगायला हवं."

भिवबा सगळ्यात आधी सगुणाकडे गेला. पोर आता उशीला टेकून भाताची पेज पीत होती.

"माझं चुकलं, मुली. मी खोटं लिहिलं होतं."

 सगुणाचा बांध फुटला. "मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं. मीच पाजलं ना तिला!"

"तुझं काही चुकलं नाही," भिवबा म्हणाला, आणि त्यालाही रडू आलं. सगुणानं त्याला बसायला घोंगडी दिली.

पुढचे आठ दिवस तो दारोदार फिरला. कुणी रागावलं, कुणी पाणी दिलं. दुकान उघडलं तेव्हा त्याच्या पुडीवर गहूही लिहिलेला होता. काही जण ते वाचून परत गेले, बाकीचे निर्धास्त मनानं पुडी घेऊन गेले.

तात्पर्य : मन कितीही मायाळू असो, खाणाऱ्यापासून खरं लपवू नये.