दुसरी डिस्क

"केबल बसली ना? खाच जुळली ना? मग आता आणखी काय पाहिजे, बुवा?"

यशोधननं विचारलं.

रेवणबुवा पंच्याला हात पुसत होते. बोट न् बोट, बोटांच्या मधल्या जागासुद्धा.

टाकळीच्या माळावरच्या त्या मठात देवाच्या खोलीत हात धुऊन जायची रीत होती. या खोलीत हात पुसून.

या खोलीत मठाचा कॉम्प्युटर होता. शेजारी चार मिक्सर, दोन पंखे, एक रेडिओ आणि कुणाच्या तरी घराची बेल. बुवा मठात यायच्या आधी रेडिओ दुरुस्त करायचे, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. त्यामुळं नारळ घेऊन येणारा एक, तर बिघडलेली वस्तू घेऊन येणारे दहा. एकदा म्हणे बुवांनी विहिरीवरच्या बंद मोटारीकडं नुसतं रोखून पाहिलं आणि ती चालू झाली. मी पाहिली आहे ती मोटार. अजूनही जरा बिचकूनच चालते.

यशोधन कुटे मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी मठात आला होता. ज्ञान मागायला. बुवांनी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला होता.

त्याला ते फारसं आवडलं नव्हतं.

आज मात्र त्याचा दिवस होता. कॉम्प्युटरचा डबा उघडा होता. आत एक दुसरी हार्ड डिस्क जोडायची होती. हे काम त्याचं. बुवांचं शिक्षण रेडिओपर्यंतचं.

डिस्क ज्यांची होती ते दोघं दाराशी चटईवर बसले होते.

मिसाळ आणि त्यांची बायको इंदूबाई.

मिसाळ सव्वीस वर्षं तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारत होते. त्यांच्या आवाजावर दुकानदार घड्याळं लावत. एक मुक्कामी गाडी तर, असं सांगतात, त्यांनी नाव घेतल्याशिवाय सुरूच होत नसे; ड्रायव्हर किल्ली फिरवून थकायचा.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला.

आता त्यांच्या मांडीवर पाटी असायची. काही सांगायचं झालं की पाटीवर लिहीत.

इंदूबाईंना वाचता येत नव्हतं.

चौदा महिने झाले होते.

"ऑपरेशनच्या आधी आठ दिस हे रोज पुतण्याकडं जायचे," इंदूबाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं. "त्याच्या कांपुटरवर बोलून ठिवलं म्हने. माझ्यासाठी. काय बोलले ते मला म्हाईत न्हाई. पुतण्या गेला नोकरीला, कांपुटर टाकला इकून. ह्यो डबा तेवढा कपाटात ऱ्हायला."

"दुसरीकडं कुठं उतरवून ठेवलंय?" यशोधननं विचारलं होतं.

मिसाळांनी पाटीवर लिहिलं. 'नाही.'

तो डबा म्हणजे ती डिस्क. टेबलावर, एका धुतलेल्या रुमालात.

बुवांचे हात पुसून झाले. त्यांनी खाली वाकून भिंतीतला प्लग उपसला.

"बटण बंद केलंय मी, बुवा."

बुवांनी कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण दाबलं. प्लग हातात, वायर जमिनीवर. तरी आतला पंखा थरथरला, अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

यशोधन बघत राहिला.

"ही वीज कुठून आली?" त्यानं विचारलं.

"उरलेली."

"बरं. आता संपली."

"आणि तुझ्या अंगातली?"

यशोधननं ओठ मुडपले. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात टेकवला. हे त्यालाही माहीत होतं. अंगातली वीज डिस्कला चटका देऊ शकते. फक्त पत्र्याला हात लावायला कुणी सांगावं, हे त्याला रुचलं नाही.

बुवांनी डब्यात डोकावून पाहिलं. सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, दोन केबली निघालेल्या होत्या. एक मळकी, एक नवी कोरी काळी.

"ही काळी कुठली?"

"माझ्या खोक्यातली. माझ्या जुन्या एसएमपीएसबरोबर आली होती."

"त्याच कंपनीची?"

"नाही. पण त्यानं काय होतं? खाच तीच, आकार तोच. टक्कन बसली. बसली नसती तर गोष्ट वेगळी."

"आपली मळकी आहे की. तिला तीन तोंडं आहेत. दोन मोकळी."

"ती वरच्या खणापर्यंत पोचत नाही, बुवा. डिस्क वरच्या खणात नीट बसते. चार स्क्रू मारले की काम देखणं होतं."

"हं."

"तुम्ही उगाच काळजी करताय. मी शिकलोय हे."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

बुवा उठले. भिंतीतल्या फडताळाकडं गेले. तिथं यशोधनची पिशवी होती. त्यांनी तिच्यातून एक डिस्क काढली आणि आणून मिसाळांच्या डिस्कशेजारी ठेवली.

यशोधनची स्वतःची.

"आधी ही लाव."

यशोधन हसला. "ही कशाला?"

"तशीच आहे ना?"

"आहे तशीच, पण..."

"मग लाव."

यशोधननं डिस्क उचलली. केबलीचं टोक दुसऱ्या हातात घेतलं. दोन्ही हात जवळ आले.

आणि बोटभर अंतरावर थांबले.

बाहेर माळावर कुणीतरी शेळ्यांना हाकत चाललं होतं. तो आवाज आला आणि लांब गेला.

"हिच्यात माझं सगळं आहे, बुवा," यशोधन म्हणाला. "कॉलेजपासूनचं. कविता आहेत... आईचे फोटो आहेत..."

बुवांनी फक्त मान वळवली आणि मिसाळांच्या मांडीवरच्या पाटीकडं पाहिलं.

...

यशोधननं डिस्क खाली ठेवली.

बराच वेळ तो केबलीच्या टोकाकडं पाहत बसला. जणू ती आत्ताच कुणीतरी त्याच्या हातात दिली होती.

"मीटर कुठंय?" त्यानं विचारलं.

बुवांनी मीटर पुढं सरकवला. तो आधीपासूनच त्यांच्या मांडीखाली होता.

यशोधननं मठाची डिस्क सोडवून बाजूला ठेवली. काळ्या केबलीचं तोंड मोकळं सोडलं, कशाला टेकणार नाही असं. प्लग लावला. बटण दाबलं. मीटरची एक तार पत्र्याला धरली, दुसऱ्या तारेच्या टोकाला टाचणी जोडली आणि ती केबलीच्या तोंडात, पाच व्होल्ट यायला हवेत त्या जागी, हलकेच टेकवली.

मीटरवर आकडा आला.

त्यानं टाचणी काढली. पुन्हा टेकवली.

पुन्हा तोच.

तिसऱ्यांदा त्यानं मीटर झटकून पाहिला, तापमापी झटकतात तसा. मीटर झटकून आकडा बदलत असता तर वीज मंडळाची अर्धी कामं झाली असती.

बारा.

"पाचाच्या जागी बारा येतायत," यशोधन म्हणाला. स्वतःशीच बोलल्यासारखा. "डिस्ककडचं तोंड सगळ्यांचं एकच असतं. पेटीकडचं दिसतं सारखं, बसतं सारखं... पण मागं तारांचा क्रम ज्या कंपनीचा त्या कंपनीला ठाऊक. डिस्क पहिल्या क्षणाला जळाली असती."

त्यानं प्लग काढला. बटण दाबून उरलेली वीज काढली. या वेळी कुणी सांगावं लागलं नाही. काळी केबल उपसून त्यानं जमिनीवर ठेवली.

"काय झालं, दादा?" इंदूबाईंनी विचारलं. त्यांना खोलीतली शांतता समजली होती, बाकी काही समजलं नव्हतं.

यशोधननं बुवांकडं पाहिलं.

बुवा छताकडं पाहत होते. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"काकू," यशोधन म्हणाला, "मी तुमची डिस्क जाळणार होतो."

इंदूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग रुमालाकडं. मग याच्याकडं.

"जाळली का?"

"नाही."

"मंग लावा की."

मिसाळांचे खांदे हलले. हसण्याला आवाज नव्हता, पण ते हसत होते.

यशोधननं मळकी केबल हातात घेतली. तिचं मोकळं तोंड वर ओढून पाहिलं. वरच्या खणाला वीतभर कमी. पुन्हा ओढलं. वायर ताणली गेली.

"ही पोचत नाही, बुवा. दुकानातून जोड आणावा लागेल. आज बाजार बंद."

"केबल वर जात नाही?"

"नाही."

"मग डिस्कनं खाली यावं."

"खाली खण नाही."

बुवा उठून बाहेर गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात पाट होता. मठात पाहुणा जेवायला बसला की ज्याच्यावर बसतो तो, कोरड्या सागवानाचा. तो त्यांनी उघड्या डब्याच्या तोंडाशी, जमिनीवर ठेवला.

यशोधन गुडघ्यांवर बसला. चार महिन्यांत तो या खोलीत खुर्चीवरून खाली उतरलेला कुणी पाहिला नव्हता.

त्यानं पत्र्याला हात लावला. मग रुमाल उलगडला. डिस्क पाटावर ठेवली, आडवी, हलू नये अशी. मळक्या केबलीचं तोंड तिथं आरामात पोचलं, वर वेटोळं उरलं. माहिती वाहणारी दुसरी बारीक केबल त्यानं बोर्डाला जोडली. मठाची डिस्क परत जोडली. सगळे जोड एकदा बोटानं चाचपले.

"लावू?"

हे त्यानं बुवांना नाही, मिसाळांना विचारलं.

मिसाळांनी मान हलवली.

प्लग. बटण.

पाटावरची डिस्क आधी गप्प होती. मग तिच्या पोटात काहीतरी जागं झालं आणि ती एका सुरात गुणगुणू लागली. यशोधननं कान खाली नेला. टकटक नाही, खरखर नाही.

पडद्यावर दुसरी डिस्क दिसली. तिच्यात एकच फाईल होती. नाव होतं, 'इंदू'.

"आधी हिची प्रत मठाच्या डिस्कवर उतरवतो," तो म्हणाला. "मग ऐकू. मधेच वीज गेली तर..."

बुवांनी मान डोलावली. चार महिन्यांतली ही पहिलीच.

प्रत उतरली. यशोधननं ती लावली.

घसा खाकरल्याचा आवाज आला. आणि मग तो आवाज. भरदार, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा. सव्वीस वर्षं स्टँडच्या पत्र्यावर आदळून परत आलेला.

"इंदू... उठलीस काऽ?"

इंदूबाईंचा पदर तोंडाकडं गेला.

मिसाळ पाटीकडं पाहत होते. पाटी कोरी होती.

आणि पुढं काहीच नाही. पडद्यावरची रेघ सपाट धावत राहिली.

यशोधन दचकला. त्यानं पाटावरच्या डिस्कला हात लावून पाहिला, जोड पाहिले, आवाजाचं बटण पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मंग चहा टाक. माझा बिनसाखरेचाऽ. तुझ्यात घाल दोन चमचे, मला दिसत न्हाई असं समजून."

पुन्हा सपाट रेघ.

यशोधन पडद्याच्या आणखी जवळ सरकला. त्याची पाठ दाराकडं होती. फाईल लांबलचक होती आणि तिच्यात जागोजाग असे खड्डे दिसत होते. एक वाक्य, मग खड्डा. वाक्य, मग खड्डा.

"आज गुडघं कसं हायतऽ? तेल लावलं का?"

सपाट रेघ.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "फाईल मधे मधे खराब झाली आहे. आवाजच नाही. मी एक काम करतो. प्रत आहेच. तिच्यातल्या रिकाम्या जागा कापतो आणि सगळं सलग जोडून देतो. चालेल ना?"

त्याच्या पाठीमागं, चटईवरून, अगदी हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"लावलं की. सकाळीच लावलं."

यशोधनचा हात माऊसवर तसाच राहिला.

...

रेवणबुवांनी तो हात धरून बाजूला केला.

"कापू नकोस. त्या जागा बाईंच्या आहेत."