रोईच्या धुरातलं बी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा चहाचं झुडूप नव्हतं, झाड होतं. पूर्वेकडे पाटकाईचे डोंगर आहेत ना, तिथल्या रानात ते सरळ उंच जाई आणि कोवळं पान ठेवी ते अगदी शेंड्याला. बुंधा बारा महिने ओला, शेवाळानं निसरडा. पान हवं तर चढा, नाहीतर बसा खाली तोंड वर करून.

आणि पान तर हवंच असे. पावसाळ्यात तिथं घराघरात ताप शिरे. लोक ते पान भाजून, वाळवून, बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या ताटीवर धुरात ठेवत. वर्षानुवर्षं टिके. त्याचा कडू काढा पोटात गेला की आशा सोडलेला माणूसही उठून बसे, असं म्हणतात.

त्या डोंगरातल्या एका वाडीत रोई नावाची बाई होती. साऱ्या वाडीचं बियाणं तिच्याकडे असे. भात असो, नाचणी असो, भोपळा असो, उन्हात खडखडीत वाळवायचं, नळीत भरायचं आणि धुरात टांगायचं. हाताला असं यश, की लोक म्हणत, रोईचं बी दगडावर टाकलं तरी उगवेल. तिला याचा अभिमान होता. का नसावा?

पण शेंड्याचं पान काढायचं काम तिच्या सासरच्या घराण्याचं. एका वर्षी तिचा नवरा झाडावर चढला आणि घरी आला तो चौघांच्या खांद्यावरून. मागे राहिला गाम, एकुलता एक मुलगा. आता चढायची पाळी त्याची.

रोईनं त्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं, “हे झाड मी अंगणात आणीन. उभ्यानं हाताला पान लागेल असं लावीन. माझ्या पोराला जन्मभर वर जाऊ द्यायची नाही मी.”

म्हातारी शेजारीण म्हणाली, “रोई, रानाचं ते रानाला राहू दे.”

“रानाला माझा नवरा पुरला नाही का?” रोई म्हणाली.

झाड आणायचं तर बी हवं. रिठ्याएवढं, तपकिरी, कडक कवचाचं. खाली पडलेलं बी साळिंदर खाई, आणि उरलेलं रोईला पसंत पडेना. बियाणं घ्यावं तर शेंड्यावरचं, निवडक, असा तिचा नियम. म्हणून थंडी पडताना गाम पानाबरोबर बीही आणी. रोईनं ते उन्हात वाळवलं, नळीत भरलं, धुरात टांगलं. पान धुरात इतकं टिकतं, तर त्याच झाडाचं बी का टिकू नये? पेरणीच्या दिवसांत तिनं ते अंगणात पेरलं.

एकही उगवलं नाही.

रोईला वाटलं, ओल राहिली असेल. दुसऱ्या वर्षी जास्त वाळवलं. तरी नाही. मग धूर वाढवला, रानातल्या देवाला कोंबडा दिला, उपास धरले. बाई ताकही फुंकून प्यायला लागली. आणि दरवर्षी गामला म्हणे, “एवढं एकदा आण बाळा. यंदा आणखी जपते.” तो हसून चढे. आईच्या हातावर त्याचा फार भरवसा होता.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. शेवटच्या वर्षी, बी सांडू नये म्हणून तिनं स्वतः दुहेरी कापडाची थैली शिवली आणि त्याच्या कमरेला बांधली.

“हे शेवटचं ना, आई?”

“शेवटचंच.”

बोललेलं खरं झालं. पाय निसटला, गाम शेंड्यावरून आला तो चिखलात. थैली फाटली, बी विखुरून चिखलात रुतलं. कोणाला बी गोळा करायचं सुचणार?

हिवाळाभर रोई त्या जागेकडे फिरकली नाही. मग पहिल्या सरी येऊन गेल्यावर म्हातारी शेजारीण पळत आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली.

झाडाखाली कोवळ्या, तांबूस पानांची रोपं दाटून उगवली होती. असं म्हणतात, की ती एखादा माणूस आडवा निजावा एवढ्याच जागेत उगवली होती.

वाडीतले लोक हरखले. कोणी नाचलंसुद्धा. रोई मात्र वाकून रोपांची मुळं चाचपू लागली. हे बी कोणी वाळवलं नव्हतं, धुरात टांगलं नव्हतं. जसं ओलं पडलं तसं मातीत गेलं होतं.

“जीव होता गं त्यात,” ती शेजारणीला म्हणाली. “मी दरवर्षी तो माझ्या हातानं मारत होते आणि माझ्याच लेकराला दुसरं आणायला वर पाठवत होते.”

म्हातारीनं तिला उठवलं आणि घरी नेलं.

रोईनं ती रोपं अंगणात आणली. ती कमरेच्या वर गेली की रोई गामचा कोयता घेऊन छाटून टाकी. “वर जायचं नाही,” असं त्यांना दटावी. छाटलं की पान आणखी दाट फुटे. लोक म्हणाले, काय अक्कल या बाईची! अक्कल कसली, तिला उंच झाड बघवत नव्हतं. डोंगरा-डोंगरात ती झुडपं गेली, लहान पोरंही उभ्यानं पान खुडू लागली. रोईनं मात्र त्या पानाचा घोट कधी घेतला नाही. ती वाकत गेली, झुडपांएवढी झाली, आणि एका धुक्याच्या सकाळी झुडपांत शिरली ती कोणाला सापडली नाही. कोयता तेवढा मिळाला. तेव्हापासून चहा माणसाच्या कमरेएवढाच राहतो, असं म्हणतात.

त्या वाडीत चहाचं बी आजही ओल्या फडक्यात आणतात आणि दिवस मावळायच्या आत मातीत घालतात. पण मूठभर बी मुद्दाम बाजूला काढतात. ते उन्हात वाळवतात, नळीत भरतात, धुरात टांगतात, आणि पेरणीच्या दिवसांत रोईच्या नावानं वेगळ्या वाफ्यात पेरतात. त्या वाफ्याला रोज पाणी घालतात.

पोरं विचारतात, “मेलेलं बी कशाला पेरायचं?”

आया सांगतात, “एखादं उगवलं, तर तिचं काही चुकलं नव्हतं असं होईल.”

पावसाळा संपेपर्यंत सगळे वाट बघतात. अजून एकही उगवलेलं नाही.